वाऱ्याच्या बेटावरील द्राक्षमळे

इटलीच्या द्राक्षमद्याचा विषय निघाला कीं टस्कनी व पीडमाँट या प्रांतांचींच नांवें घेतलीं जातात. आमच्या वाचकांस आज एका लहान बेटाची ओळख करून द्यावी, असें आम्हांस वाटतें. मद्यपानाचा पुरस्कार करणें हा आमचा हेतु नाहीं. कष्टाचें पीक कसें टिकतें, एवढेंच पाहावयाचें आहे.

सिसिली व ट्यूनिशिया यांच्या दरम्यान पान्तेलेरिया हें ज्वालामुखीपासून झालेलें बेट आहे. क्षेत्रफळ सुमारें ८३ चौरस किलोमीटर. पाऊस बेताचा, नदी एकही नाहीं, आणि वारा इतका कीं, एकेका नारंगीच्या झाडाभोंवतीं उंच गोल दगडी भिंत घालावी लागते. येथें मांडवावर वेल चढविणें म्हणजे ती वाऱ्याच्या स्वाधीन करणेंच होय.

म्हणून तेथील शेतकरी दगडी तालींनीं धरलेल्या जमिनींत खळगा करून त्यांत वेल लावतो. खोड बुटकें ठेवून, सहा फांद्या चोहोंकडे पसरतील अशी छाटणी करतो. हा खळगा म्हणजे आपलें आळेंच. त्यांत वेलीस आडोसा मिळतो व मुळांशीं ओल राहते. मात्र तो वारंवार उकरून नीट करावा लागतो.

द्राक्षाची जात झिबिब्बो. अरबींत बेदाण्यास 'झबीब' म्हणतात, त्यावरून हें नांव पडलें. आधीं तोडलेले कांहीं घड उन्हांत वाळवितात. मागाहून तोडलेल्या ताज्या द्राक्षांचा रस आंबूं लागला म्हणजे वाळलेलीं द्राक्षें देंठ काढून त्यांत घालतात. त्यापासून होणाऱ्या गोड मद्यास 'पास्सितो' म्हणतात.

आतां दुसरी बाजू. या खळग्यांत यंत्र चालत नाहीं. छाटणी, उकरणी, तोडणी सारी हातानें. त्यामुळें गेल्या शतकांत पुष्कळ मळे ओस पडले. २०१४ सालीं युनेस्कोनें या लागवडीच्या रीतीस मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. हा मोठा मान खरा. पण मानानें आळें उकरलें जात नाहीं. त्याहून उपयोगी गोष्ट १९७१ सालीं झाली होती: या मद्यावरील बेटाचें नांव कायद्यानें राखून ठेवलें गेलें. परक्या मालास तें लावतां येत नाहीं.

नाशिकच्या द्राक्षांस व सांगलीच्या बेदाण्यास आपल्याकडेही अशी भौगोलिक नोंद मिळालेली आहे. ती दप्तरांत पडून राहिली तर नुसता कागद. मालाच्या पेटीवर आली तरच तिचा दाम. गांवाच्या नांवानें विकलेल्या मालाचे कष्ट भावांत परत येतात, आणि ते आले तरच नातू आजाचें आळें राखील.