अधिकार आणि वजन : ऑगस्टसचे रोम व साताऱ्याचे प्रतिसरकार

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस इसवी सन १४ मध्ये मरण पावला. आपल्या कारकिर्दीचा वृत्तांत त्याने स्वतःच लिहून ठेवला होता, व तो त्याच्या इच्छेनुसार समाधीपुढील कांस्यस्तंभांवर कोरण्यात आला. ते स्तंभ नष्ट झाले. परंतु अंकारा येथील मंदिराच्या भिंतींवर त्याची प्रत टिकून आहे. या वृत्तांताच्या अखेरीस ऑगस्टस सांगतो की, इसवी सनपूर्व २७ नंतर आपण ‘ऑक्टोरिटास’मध्ये सर्वांहून वरचढ होतो, ‘पोटेस्टास’ मात्र आपल्या सहकारी अधिकाऱ्यांहून तिळभरही अधिक नव्हती. यांपैकी दुसऱ्या शब्दाचे भाषांतर सोपे आहे. पोटेस्टास म्हणजे पदाने येणारा अधिकार. पहिल्या शब्दाला ग्रीक भाषेत प्रतिशब्द देणेच अशक्य, असा अभिप्राय इतिहासकार डिओ कॅसियस याने नोंदविला आहे. मराठीची अडचण तितकी मोठी नाही. ‘त्या माणसाचे गावात वजन आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा ऑक्टोरिटासचाच अर्थ आपल्या मनात असतो.

ऑगस्टसचे विधान अक्षरशः खोटे नाही. सेनेट भरत होते, कॉन्सल निवडले जात होते. अधिकारपदांची जुनी नावे तशीच राहिली होती, हे टॅसिटसने खोचकपणे दाखवून दिले आहे. तथापि या वजनामागे सैन्य उभे होते, व ते प्रत्येक श्रोत्याला ठाऊक होते. त्यामुळे रोममधील मनधरणीत किती भाग मनाचा व किती धाकाचा, हे वेगळे काढता येत नाही. वजन उरले आहे आणि सैन्य मात्र नाही, अशी स्थिती अभ्यासास मिळाली तरच या प्रश्नाचा काही उलगडा होण्याची शक्यता आहे. तशी स्थिती शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, विशेषतः वाळवा व तासगाव या तालुक्यांत, चाललेले प्रतिसरकार हे तिचे जवळचे उदाहरण होय.

प्रतिसरकाराचा आरंभ कचेरीच्या दारात झाला. ऑगस्ट १९४२ मधील अटकांनंतर या जिल्ह्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघू लागले. ३ सप्टेंबर रोजी तासगावी मामलेदाराला गांधी टोपी घालावयास लावून कचेरीवर तिरंगा चढविण्यात आला. तेथे मनधरणी साधली. पुढच्या आठवड्यात ती साधली नाही. ९ सप्टेंबरला वडूज येथे गोळीबार होऊन परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी मारले गेले. दुसऱ्याच दिवशी वाळवा तालुक्याचे मुख्य ठाणे असलेल्या इस्लामपूर येथेही पोलिसांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या, आणि त्यांत किर्लोस्करवाडीचे अभियंते उमाशंकर पंड्या व कामेरीचे विष्णू बारपटे यांचा अंत झाला. कचेरीत शिरून तिचा अधिकार हाती घेण्याची कल्पना येथे संपुष्टात आली, असे मला वाटते. यापुढील प्रयत्न निराळ्या दिशेने झाला. कचेरी जागच्या जागी राहू द्यावयाची, पण लोकांनी तिच्याकडे जाऊच नये अशी व्यवस्था गावागावांतून उभी करावयाची, ही ती दिशा होती.

या व्यवस्थेचे प्रमुख अंग म्हणजे न्यायदान मंडळे. जमिनीचे, सावकारीचे व घरगुती तंटे त्यांच्यापुढे येत. दारूबंदी व दरोडेखोरांचा बंदोबस्त हीही कामे प्रतिसरकाराने अंगावर घेतली. कुंडलच्या जी. डी. लाड यांच्या पुढाकाराने तुफान सेना उभी राहिली. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे रेल्वेगाडी अडवून सरकारी पैसा लुटण्यात आला, त्यावरून शस्त्रबळ मुळीच नव्हते असे म्हणता येणार नाही. पण ब्रिटिश सरकारच्या शस्त्रबळापुढे ते नगण्य होते. केवळ धाकावर एवढ्या गावांचा कारभार हाकणे त्यास शक्य नव्हते.

मग आज्ञापालन कशामुळे झाले? नाना पाटील यांचे चरित्र येथे मार्गदर्शक ठरते. १९०० मध्ये जन्मलेले व वाळवा तालुक्यातील येडे मच्छिंद्रचे हे गृहस्थ पूर्वी तलाठी होते. तलाठ्याचे पद म्हणजे सरकारी अधिकाराची अगदी खालची पायरी. परंतु शेतकऱ्याला प्रत्यक्ष भेटणारे सरकार तेच. १९३० मध्ये ते पद सोडून ते कायदेभंगात उतरले. पोटेस्टास टाकून देऊन ऑक्टोरिटास मिळविण्याचे इतके स्वच्छ उदाहरण रोमन इतिहासात मला आढळलेले नाही. त्यांचे वक्तृत्व ग्रामीण बोलीतले होते, दाखले बैल, पेरणी व सावकाराच्या वहीतले असत. त्यांच्यामागे सत्यशोधक चळवळीची परंपरा होती. जलसा आणि पोवाडा ही तिची हत्यारे शाहीर शंकरराव निकम यांच्यासारख्यांनी प्रतिसरकारासाठी वापरली.

विवाहाचा विषय दोन्हीकडे येतो, आणि तेथील तुलना विशेष उद्बोधक आहे. इसवी सनपूर्व १८ मध्ये ऑगस्टसने विवाहविषयक कायदे करून अविवाहितांवर निर्बंध घातले. वरिष्ठ वर्गाने ते कधीच मनापासून स्वीकारले नाहीत. इसवी सन ९ मध्ये अश्वारूढ वर्गाच्या उघड तक्रारीनंतर त्यांत दुरुस्ती करावी लागली, व जिच्यावर त्यांची नावे पडली ते दोन्ही कॉन्सल स्वतः अविवाहित होते, हे डिओने नमूद करून ठेवले आहे! जगज्जेत्या सम्राटाला जे अधिकाराने साधले नाही, त्याच्या शेजारी प्रतिसरकाराचे ‘गांधी विवाह’ ठेवून पाहावेत. हुंडा नाही, मानपान नाही, खर्च अत्यल्प; आणि जमलेल्या वऱ्हाडापुढे भाषणे. येथे सक्तीपेक्षा सोय अधिक होती. लग्नापायी सावकाराच्या दारी जावे लागणाऱ्या कुटुंबाला नवा आचार पटवून देण्यास फार युक्तिवाद लागत नाही.

आता आक्षेपाचा विचार केला पाहिजे. लोकांच्या तोंडी ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, तशी गुन्हेगाराच्या तळपायाला ठोकत, अशी आख्यायिका रूढ झाली. कार्यकर्त्यांच्या सांगण्याप्रमाणे ही शिक्षा वस्तुतः तळपायावर काठीचे फटके देण्याची होती. काही झाले तरी ती क्रूर होती, आणि गुंड, सावकार व खबरे यांना तिची दहशत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दहशतीने सर्व उलगडा होत नाही. टायबेरियसच्या रोममध्ये खबऱ्यांना आरोपीच्या मालमत्तेचा वाटा मिळे, व खबऱ्यांची वाण कधी पडली नाही. साताऱ्यातही सरकारने बक्षिसे लावली होती. तरी जवळजवळ चार वर्षे गावोगाव फिरणारे नाना पाटील अखेरपर्यंत पकडले गेले नाहीत. भीतीने माणूस आपल्यापुरता गप्प राहील. फरारी माणसाला भाकरी देऊन पुढच्या गावी पोचविण्याचे काम मात्र भीती इतकी वर्षे करून घेऊ शकत नाही.

साधनांच्या बाबतीत दोन्ही उदाहरणे परस्परविरुद्ध आहेत. ऑगस्टसचे वजन आपणास त्याच्याच शब्दांत, दगडावर कोरलेले मिळते. भूमिगत संघटना कागद ठेवीत नाही. त्यामुळे प्रतिसरकाराचा अभ्यास एका बाजूस पोलिसी अहवालांवर व दुसऱ्या बाजूस कार्यकर्त्यांच्या आठवणींवर अवलंबून राहतो. वाळवा तालुक्यातील कासेगाव येथे दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या गेल ऑम्वेट यांनी या चळवळीवर लिहिले आहे, व अन्य अभ्यासकांनीही आठवणी गोळा केल्या आहेत. अहवालांत शिक्षा तेवढ्या दिसतात, आठवणींत निवाडे. एकाच गावातील एकाच तंट्याची हकीकत दोन्ही ठिकाणांहून मिळवून ताडून पाहणे, हे काम विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे.