गोड किती, आणि किती वेळा?

मुलाच्या दाताला कीड लागली की घरातील वडील माणसे म्हणतात, "फार साखर खातो, म्हणूनच!" हे म्हणणे खोटे नाही, परंतु अपुरे आहे. साखर किती खाल्ली याबरोबरच ती दिवसातून किती वेळा खाल्ली, यालाही फार महत्त्व आहे.

दाताची कीड म्हणजे किडा नव्हे. दातांवरील चिकट थरात राहणारे सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कठीण कवच झिजू लागते. लाळ हे आम्ल सौम्य करते व गेलेले क्षार काही अंशी परत मिळवून देते. मात्र त्यासाठी तिला साधारणपणे अर्धा ते एक तास लागतो. मूल घटकेघटकेला काही गोड तोंडात टाकू लागले, तर लाळेला ही उसंत मिळणार कशी?

स्वीडनमधील लुंड येथील व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४५ पासून काही वर्षे याविषयी प्रयोग झाले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांच्या दातांत कीड फारशी वाढली नाही; दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाणाऱ्यांच्या दातांत मात्र ती झपाट्याने वाढली. हे ज्ञान ज्यांच्या दातांची हानी होऊन जगाला लाभले, ते मतिमंद रुग्ण होते. त्यांची संमती घेण्यात आली नव्हती, हे विसरता कामा नये.

आपल्या घरापुरता यातून काय बोध घ्यावा? सणाच्या दिवशी पानात वाढलेल्या पुरणपोळीपेक्षा दिवसभर चघळलेल्या लिमलेटच्या गोळ्या दातांना अधिक घातक ठरतात. गूळ व मध यांतही साखरच असते. त्यामुळे ते निर्धोक समजू नयेत. झोपेत लाळ कमी स्रवते, म्हणून तान्ह्या मुलाला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन निजवू नये. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे येणारी दाढ कायमची असते. पुष्कळ पालक तिला दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष करतात, आणि एकदा गेलेली ही दाढ पुन्हा येत नाही.

म्हणून साखर बेतानेच खावी, असे असले तरी वेळेचे पथ्य पाळल्याने प्रमाणाचे बंधन सुटत नाही. साखरेपासून मिळणारी ऊर्जा एकूण आहाराच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस आहे. प्रौढ माणसाच्या बाबतीत हे प्रमाण दिवसाला सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे चहाचे दहा-बारा चमचे होते. आणि त्यात चहा, बिस्किटे, सरबत असे सारेच आले.

तेव्हा मुलाला गोड द्यायचे ते जेवणाबरोबर द्यावे, मधल्या वेळी भाजलेले शेंगदाणे किंवा फळ द्यावे, आणि रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासल्यावर पाण्याखेरीज काही देऊ नये. घरातील मोठ्यांनीही हाच नेम पाळला, तर मुलांना तो वेगळा शिकवावा लागणार नाही.