लखनौची सुई आणि पाठीचा कणा

लखनौच्या चौक भागातील अरुंद गल्ल्यांतून आपण कधी फिरला असाल, तर चिकनच्या कपड्यांची दुकाने आपण पाहिलीच असतील. पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्याच दोऱ्याने काढलेल्या त्या वेलबुट्ट्या पाहून डोळे निवतात. परंतु ते काम करणारी स्त्री दुकानात नसते. ती शहराच्या जुन्या वस्तीत किंवा आसपासच्या खेड्यात, आपल्या घराच्या ओसरीवर, दाराशी येणाऱ्या उजेडात बसलेली असते. मांडी घातलेली, कापड गुडघ्यावर ताणलेले, मान खाली आणि पाठ धनुष्यासारखी वाकलेली. बखिया, मुर्री, फंदा, जाळी असे एकेक टाके घालताना तिचे डोळे सुईच्या टोकावरून ढळत नाहीत. पाहणाऱ्याला वाटते, हे बोटांचे आणि डोळ्यांचे काम. संध्याकाळी ती उठते तेव्हा मात्र एक हात भिंतीला आणि दुसरा कमरेला लावून उठते. त्या दिवसाचे अर्धे काम तिच्या पाठीने केलेले असते, आणि मजुरी मोजताना पाठीला कोणी हिशेबात धरत नाही.

ही पाठ आतून कशी आहे, हे पाहण्यासाठी याच शहरात एक जुनी जागा आहे. ज्या वैद्यकीय महाविद्यालयाची कोनशिला १९०५ साली बसली आणि जे १९११ साली सुरू झाले, ते किंग जॉर्ज महाविद्यालय आज विद्यापीठ झाले आहे. अशा महाविद्यालयात शरीररचना शिकणारा विद्यार्थी जेव्हा पाठीचे विच्छेदन करू लागतो, तेव्हा त्याला पहिले आश्चर्य हे वाटते की, वरवरचे मोठमोठे स्नायू पाठीचे नाहीतच. ते हातांचे आहेत! मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला चौकोनी स्नायू खांदा उचलतो आणि मागे खेचतो. कमरेपासून निघून काखेतून दंडाच्या हाडाला जाऊन मिळणारा रुंद स्नायू हात खाली ओढतो. विहिरीतून पोहरा शेंदणाऱ्या बाईचा आणि मल्लखांबावर चढणाऱ्या मुलाचा हा खरा सोबती. पाठीची जागा त्यांनी केवळ मुक्कामासाठी घेतली आहे, असे म्हटले तरी चालेल.

हे दोन थर बाजूला सारले, की कण्याचे स्वतःचे स्नायू दिसतात. कण्याच्या दोन्ही अंगांना, माकडहाडाच्या वरच्या बाजूपासून थेट कवटीपर्यंत, सुतळीच्या जाड पेंढ्यांसारखे ते उभे असतात. प्रत्येक बाजूला तीन पेंढ्या: एक बरगड्यांना धरून, एक मधली आणि सर्वांत लांब, आणि एक मणक्यांच्या टोकांना लगटून. आपण ताठ उभे राहतो ते यांच्या बळावर. त्यांच्याही खाली, हाडाला अगदी चिकटून, आखूड तिरपे स्नायू आहेत. काही एकाच मणक्यावरून शेजारच्या मणक्यावर जातात, काही दोन-तीन मणके ओलांडतात. बळ त्यांचे थोडे. परंतु कोणता मणका किती हलला याची जाणीव मेंदूला पोचविण्यात त्यांचा वाटा मोठा मानला जातो. मणके एकंदर ३३. त्यांपैकी हलणारे २४, उरलेले एकमेकांशी जुळून गेलेले. हा चोवीस मण्यांचा मनोरा स्नायूंवाचून उभा करून पाहावा. तो क्षणात कोसळतो.

आता आपल्या सुईवालीकडे परत येऊ. वाकताना काय होते? आपणांस वाटेल, वाकण्याचे काम पोटाचे स्नायू करतात. तसे नाही. उभे राहून आपण पुढे झुकू लागलो, की आपले वजनच आपल्याला खाली ओढते. पाठीचे स्नायू ताणलेला दोर हळूहळू सोडावा तसे स्वतःला सैल करीत जातात. आणि पुरते वाकल्यावर एक चमत्कारिक गोष्ट घडते. हे स्नायू जवळजवळ गप्प होतात! विजेच्या सूक्ष्म लहरी मोजणाऱ्या यंत्रांनी १९५०च्या दशकातच हे दिसून आले होते. मग धडाचा भार कोण उचलतो? मणक्यांना मागून बांधणारे अस्थिबंध आणि दोन मणक्यांमधील चकत्या. बराच वेळ वाकून बसल्यास हे अस्थिबंध ओल्या कातड्याप्रमाणे हळूहळू ताणत जातात, आणि उठल्यावर काही काळ कणा नीट सावरला जात नाही. म्हणूनच तासभर वाकून बसल्यानंतर उठताक्षणी जड घागर उचलली, की कमरेत उसण भरते. दोष घागरीचा नसतो.

घागरीवरून आठवले. येथे थोडा हिशेब करावयास हरकत नाही. पाठीचे स्नायू कण्याच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर मागे असतात. १० किलोचे ओझे आपण अंगापासून ५० सेंटिमीटर पुढे धरले, तर तराजू सम राखण्यासाठी स्नायूंना मागून त्याच्या दसपट, म्हणजे १०० किलोच्या भाराइतका, जोर लावावा लागतो. शिवाय आपल्या धडाचे वजन निराळेच. तेच ओझे अंगाशी घेऊन २५ सेंटिमीटरवर आणले, की हा जोर निम्मा होतो. आपल्या आजीने कळशी कमरेला लावून आणली ती हा हिशेब न करताच. आपले डोके चार-पाच किलोंचे असते. ते दिवसभर पुढे झुकवून ठेवणाऱ्या मानेची दशा काय होत असेल, याची आपण कल्पना करू शकाल. चिकन काढणारीची मान आणि हल्ली हातातील फोनवर खिळलेली आपल्या मुलांची मान, दोहोंची तक्रार एकच आहे.

पाठीची गोष्ट पाठीवरच संपत नाही. पुढच्या बाजूस पोटाची भिंत आहे आणि ती चार स्नायूंची. मधोमध उभा पट्टा, त्याला आडव्या गाठी पडलेल्या. तालमीतील पैलवानाच्या पोटावर त्या स्पष्ट दिसतात. दोन्ही बाजूंना तीन थर: सर्वांत बाहेरचा, सदऱ्याच्या खिशात हात घालावेत त्या दिशेने तिरपा, मधला त्याला छेद देणारा, आणि सर्वांत आतला आडवा. धड डावीकडे वळवावयाचे असेल तर उजवीकडचा बाहेरचा आणि डावीकडचा मधला स्नायू एकमेकांना साथ देतात. आतल्या आडव्या थराचे काम मात्र निराळे. तो पोटाभोवती पट्ट्यासारखा आवळतो. ऑस्ट्रेलियातील हॉजेस आणि रिचर्ड्सन या संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिले, की निरोगी माणूस हात उचलतो त्याच्या किंचित आधीच हा स्नायू आवळलेला असतो. ज्यांना कंबरदुखी जडली आहे त्यांच्यात मात्र त्याला उशीर होतो. ‘कंबर कसणे’ हा आपला वाक्प्रचार अलंकारिक समजला जातो. शरीर तो दर क्षणी शब्दशः पाळीत असते.

या पट्ट्याचे झाकण म्हणजे श्वासपटल. तो घुमटाकार स्नायू छाती आणि पोट यांच्यामध्ये असतो आणि त्याची मुळे कमरेच्या वरच्या मणक्यांना घट्ट रोवलेली असतात. म्हणजे श्वास आणि कणा यांचे नाते केवळ योगशास्त्रातले नव्हे. लखनौतच याचा दाखला आहे. आपल्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली येथे संगीत महाविद्यालय निघाले, आणि पुढे डॉ. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारख्या मराठी माणसाने ते वाढविले. आज ते भातखंडे यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. गाणारा मांडी घालूनच बसतो, अगदी त्या सुईवालीसारखा. परंतु त्याची पाठ सरळ असते. साध्या श्वासात हवा आपोआप बाहेर पडते. लांब तान मात्र पोटाच्या स्नायूंना ती हवा मोजून-मापून सोडावी लागते. पाठ वाकली की श्वासपटलाला खाली उतरावयास जागा कमी पडते आणि तान अर्ध्यावर तुटते.

आणि कथक? बिरजू महाराजांचे (१९३८–२०२२) हे जन्मगाव. कथकात पाय जवळजवळ सरळ ठेवून जमिनीवर आघात करतात, घुंगरांच्या वजनासह. तो हादरा वर मणक्यांपर्यंत जातो. चक्कर घेताना सबंध देह एका उभ्या रेषेभोवती फिरतो. दोन्ही अंगांचे स्नायू सारख्याच जोराने ओढीत असतील तरच ती रेषा ढळत नाही. एकाच शहरात, एकाच प्रकारच्या स्नायूंच्या या तीन निरनिराळ्या कहाण्या आहेत.

मग सुईवालीने काय करावे? काम सोडणे तिला परवडत नाही, आणि कुणी तसा उपदेश करू नये. परंतु कापड डोळ्यांकडे नेता येते, डोळे कापडाकडे नेण्याऐवजी. मांडीवर घट्ट उशी किंवा पुढ्यात लहानसा चौरंग घेतला तर मान बरीच वर येते. बुडाखाली घडी केलेली गोधडी घेतल्यास कमरेचा नैसर्गिक बाक टिकतो. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे, हात कमरेवर ठेवून थोडे मागे झुकावे. चकत्यांमध्ये रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. हालचाल हेच त्यांच्या पोषणाचे साधन. त्याच कारणाने कंबर धरली म्हणून आठवडाभर अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना सल्ला आता डॉक्टर देत नाहीत. झेपेल तितके हिंडते-फिरते राहा, असे सांगतात. मात्र काही खुणा घरच्यांनी ओळखल्याच पाहिजेत. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजन घटणे असेल, तर मणक्याचा क्षय असू शकतो. पायातील बळ जाऊ लागले, जांघेपाशी बधिरपणा आला किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; तेथे मालिश करणाऱ्याचे किंवा ‘नस उतरविणाऱ्या’चे काम नाही.

आपल्या घरातही अशी एक पाठ असेलच. दळण निवडणारी, शिवणयंत्रावर वाकलेली किंवा वह्या तपासणारी. आज संध्याकाळी ती व्यक्ती उठताना कोणता हात कोठे टेकते, तेवढे पाहावे.