लेई यू मुन: शत्रूची वाट चुकलेला किल्ला

हाँगकाँग बेटाच्या ईशान्य टोकावर, व्हिक्टोरिया बंदरात शिरणाऱ्या पूर्वेकडच्या चिंचोळ्या खाडीवर नजर ठेवून लेई यू मुनचा किल्ला बसला आहे. ब्रिटिशांनी तो 1887 मध्ये पुरा केला. त्यांच्या फौजेने 1987 मध्ये तो सोडला, 1993 मध्ये तिथे संग्रहालय करायचे ठरले आणि 25 जुलै 2000 रोजी ते उघडले. मधल्या गढीतल्या चौकाभोवती 18 कमानदार कोठड्या आहेत. कुठे शिपाई राहत, कुठे दारूगोळा, कुठे कोळसा असे. आता चौकावर तंबूसारखे छप्पर ताणले आहे आणि कोठड्यांची दालने झाली आहेत. पण इथला सर्वांत मोलाचा ऐवज दालनांत नाही, तो खाली पाण्याच्या काठाशी आहे, आणि अशा संग्रहालयांनी काय जपावे याचे उत्तरही तिथेच मिळते.

काठाशी खडक पोखरून ब्रेनन टॉर्पेडोचे ठाणे केलेले आहे. लुई ब्रेननच्या या यंत्राची युक्ती ऐकताना उलटी वाटते. टॉर्पेडोच्या पोटात तारेची दोन रिळे असत. किनाऱ्यावरचे वाफेचे इंजिन त्या तारा जोराने मागे ओढी. तारा उलगडताना रिळे फिरत, रिळांबरोबर मागचे दोन पंखे उलटसुलट फिरत आणि टॉर्पेडो पुढे धावे. एक तार दुसरीपेक्षा जोरात ओढली की तो वळे. मागे ओढल्याने पुढे जाणाऱ्या या यंत्रासाठी ब्रिटिश सरकारने तब्बल 1,10,000 पौंड मोजले आणि 1906 च्या सुमारास ते मोडीतही काढले. शत्रूच्या एकाही जहाजावर ते कधी सुटले नाही. काचेच्या पेटीत हा टॉर्पेडो म्हणजे नुसते पितळ आणि पोलाद. काठावरून समोरचे अरुंद पाणी पाहिले की त्यामागची भीती कळते: रशिया किंवा फ्रान्सचे आरमार याच वाटेने येईल, ही.

शत्रू आला तो जमिनीवरून. 8 डिसेंबर 1941 ला जपानी फौजा चीनच्या बाजूने शिरल्या, कौलून घेतले आणि 18 डिसेंबरच्या रात्री खाडी ओलांडली. त्या किनाऱ्यावर पहारा होता तो 7 व्या राजपूत रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीचा. पलटणीची भयंकर हानी झाली, दुसऱ्या दिवशी किल्ला पडला आणि नाताळच्या दिवशी हाँगकाँगने शरणागती पत्करली. समुद्राकडून किल्ल्याला खरा तडाखा बसला तो 2018 च्या मांगखुट वादळाचा. त्यानंतर संग्रहालय नोव्हेंबर 2022 पर्यंत बंद होते.

यावर कोणी म्हणेल, रिळे आणि तारा कंटाळवाण्या, लोकांना माणसांच्या कथा हव्यात. हव्यातच. पण राजपुतांची कथाही पैलतीर इथून किती जवळ आहे हे पाहिल्याशिवाय नीट समजत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सप्टेंबर 2024 मध्ये या संग्रहालयाच्या नावात जपानविरोधी प्रतिकारयुद्ध आधी आले आणि सागरी संरक्षण मागे गेले. वसाहतीच्या तोफांचे कौतुक किती करायचे, हा त्यामागचा प्रश्न रास्त आहे. पूर्व नदी पथकाच्या गनिमी काव्याने लढणाऱ्या योद्ध्यांनी जपानी राजवटीत जिवावर उदार होऊन काम केले आणि ब्रिटिश काळात त्यांना त्या मानाने श्रेय मिळाले नाही. त्यांना दालन मिळालेच पाहिजे. मात्र ते योद्धे लढले डोंगरांत आणि खेड्यांत, या गढीत नव्हे. त्यांची कथा कोणत्याही इमारतीत सांगता येईल. चुकीच्या दिशेला तोंड करून केलेल्या तयारीची कथा फक्त इथे सांगता येते. प्रतिकाराला जागा देताना ती अडगळीत गेली, तर किल्ल्याचा निव्वळ नेपथ्यासारखा वापर होईल, आणि तशी चिन्हे मला काळजीची वाटतात.

हाँगकाँगला जाणाऱ्यांनी शाऊ केई वान स्टेशनवर उतरून पायी जावे, गुरुवार टाळावा आणि दालनांच्या आधी पायऱ्या उतरून टॉर्पेडोचे ठाणे पाहावे.