मधुमेह, पायाची जखम आणि ओझोन थेरपी : आधी काय, नंतर काय?



मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना अलीकडे एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. "बाबांच्या तळपायाची जखम दोन महिने झाले तरी भरत नाही. कुणी तरी ओझोन थेरपी सुचवली आहे. घ्यावी का?" प्रश्न काळजीपोटी विचारलेला असतो आणि खर्चाचाही असतो. आम्ही डॉक्टर नाही. उपचार ठरवणे हे डॉक्टरांचेच काम. पण डॉक्टरांना काय विचारायचे हे घरच्यांना ठाऊक असले पाहिजे, म्हणून हा लेख.

पायच का बिघडतो?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आपल्या हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतही, साखर असलेले निदान एक माणूस नाही असे घर शोधावे लागेल.

बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायांत दोन गोष्टी घडतात. पहिली, नसा बधिर होतात. सुरुवातीला मुंग्या येतात, जळजळ होते आणि मग हळूहळू काहीच कळेनासे होते. चप्पल पायातून निसटली तरी समजत नाही. दुसरी, रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यामुळे जखमेपर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि ती खोल जाते. त्यात जंतू शिरले की पाय वाचवणे अवघड होते. मधुमेहात पाय कापावा लागतो त्यातील बहुतेक वेळा सुरुवात अशा साध्या जखमेनेच झालेली असते.

"दुखत नाही, म्हणजे काही नाही" हा समज इथे सर्वांत घातक आहे. हे आधी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत लक्षात आले. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरोग्यांचे हातपाय आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे त्यांना इजा होत राहते आणि त्यातून ते नष्ट होतात. पुढे अमेरिकेत हाच धडा मधुमेहींच्या पायांना लागू झाला. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेली मऊ रबराची एमसीआर चप्पल आज मधुमेहींनाही सुचवली जाते, ती याच विचारातून.

ओझोन थेरपी म्हणजे काय?

आपण श्वासावाटे घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनमध्ये तीन. तिसरा अणू फार काळ टिकत नाही; तो सुटतो आणि समोर येईल त्याच्याशी संयोग पावतो. म्हणून ओझोन जंतू मारतो, आणि पाणी शुद्ध करण्यासाठीही तो वापरतात. जखमेसाठी पाय पिशवीत बंद करून त्यात ओझोन व ऑक्सिजनचे मिश्रण सोडतात, किंवा ओझोन मुरवलेले तेल वा पाणी लावतात. काही ठिकाणी रक्त काढून, त्यात ओझोन मिसळून ते परत चढवतात, किंवा गुदद्वारावाटे वायू देतात.

कल्पना पटण्यासारखी आहे. पण प्रयोगशाळेत जंतू मरणे वेगळे आणि माणसाची जखम भरणे वेगळे.

कोक्रेन ही संस्था जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते. मधुमेही पायाच्या जखमांवरील ओझोनबद्दल तिने २०१५ साली आढावा घेतला. त्यात बसणाऱ्या चाचण्या सापडल्या अवघ्या ३ आणि त्यांतील रुग्ण मिळून २१२. एका चाचणीत अँटिबायोटिकच्या तुलनेत जखमेचा आकार अधिक कमी झाला, पण पूर्ण भरलेल्या जखमांच्या संख्येत ठळक फरक दिसला नाही. नेहमीच्या उपचाराला ओझोनची जोड दिलेल्या बाकीच्या चाचण्यांतही असा फरक आढळला नाही. चाचण्यांचा दर्जाच कमी असल्याने ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे आढाव्यात म्हटले आहे. मधुमेही पायासंबंधी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानेही २०२३ च्या मार्गदर्शनात, जखम भरण्यासाठी ओझोन वापरू नये, असे सुचवले आहे.

धोकेही आहेत. ओझोन श्वासात गेला तर फुप्फुसांना त्रास होतो. थेट शिरेत वायू टोचणे जिवावर बेतू शकते. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी फुटू शकतात.

खरा तोटा वेळेचा

पैसे जातात ते जातातच, पण त्याहून मोठे नुकसान वेळेचे होते. दहा-बारा बैठका होईपर्यंत काही आठवडे निघून जातात. तोवर पायाला रक्त पोहोचते आहे का, हे कुणी पाहिलेलेच नसते. म्हणून कोणताही खास उपचार स्वीकारण्याआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा :

१. पायाचा रक्तप्रवाह तपासला का? घोटा व दंड यांच्या रक्तदाबाची तुलना किंवा डॉपलर तपासणी करता येते. वाहिनी बंद असेल तर आधी ती उघडण्याचा विचार होतो.
२. जखमेवरचा भार कसा काढणार? तळपायाच्या जखमेसाठी विशेष प्लास्टर किंवा बूट देतात. भार न काढता मलम बदलत राहून उपयोग होत नाही.
३. जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला आहे का? मेलेला भाग काढावा लागेल का?
४. साखर आटोक्यात आहे का?

हे चारही झाले असतील आणि तरी डॉक्टर ओझोन सुचवत असतील, तर या चार गोष्टी चालू ठेवून तो घ्यायचा की यांच्याऐवजी, हे स्पष्ट विचारा. 'ऐवजी' असे उत्तर आले तर दुसरे मत घ्या. हुबळीत विद्यानगरचे किम्स आणि धारवाडजवळ सत्तूरचे एसडीएम, या दोन्ही मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया विभाग आहेत.

घरी रोज पाच मिनिटे

रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही पाय उजेडात पाहा. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरा. आजोबांची नजर कमी असेल तर हे काम नातवाला द्या. भेगा, कुरूप, फोड, लाली, बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या, नखुरडे, सगळे बघायचे. धारवाडच्या पावसाळ्यात पाय ओले राहतात. बेचक्या कोरड्या पुसा. तेल तळव्याला व टाचेला लावा, बेचक्यांत नको.

कुरूप ब्लेडने कापू नका. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नका. बधिर पायाला चटका कळत नाही. घरातही चप्पल घाला, आणि घालण्यापूर्वी ती झटका.

देवळाचे काय? उन्हाळ्यात दुपारी सिद्धारूढ मठात गेलो की फरशी तापलेली असते. दर्शन सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर घ्या. पंढरीची वारी करणाऱ्यांनी अनवाणी चालण्याचा हट्ट धरू नये. विठोबा पायांतली चप्पल मोजत नाही.

घरच्या घरी एक सोपी तपासणीही करता येते. ज्येष्ठांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा, दाबू नका. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय बधिर होऊ लागला आहे असे समजून डॉक्टरांना दाखवा.

लगेच केव्हा जायचे?

जखम, कितीही लहान असो, दिसल्यास दुसऱ्या दिवशीपर्यंत दाखवा. पू, दुर्गंधी, काळे पडलेले बोट, घोट्याकडे चढणारी लाली किंवा ताप असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. जखम बरी झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा जखम होते, म्हणून बरे झाल्यावरही रोजचे पाहणे सोडू नका.

लाइन बझारच्या पेढ्याची गोडी आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तो मोह किती आवरायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. पण आज रात्री घरातील साखरवाल्या माणसाचे पाय हातात घेऊन एकदा नीट पाहा, एवढी आमची विनंती आहे.