पृथ्वीची वाट आणि नागलीचे पीक

पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा होतो, ही समजूत आपण आधी दूर सारू. सूर्य सर्वांत जवळ असतो जानेवारीत, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरांवर; जुलैत तो १५.२ कोटींवर जातो. ऋतू होतात ते साडेतेवीस अंश कललेल्या आसामुळे. जव्हार-मोखाड्यावर सूर्य वर्षातून दोनदा माथ्यावर येतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आला म्हणजे विहिरी आटलेल्या असतात. जुलैच्या उत्तरार्धात तो ढगांआड बहुधा दिसतही नाही, आणि खाली उतारांवर नागलीची लावणी चाललेली असते.

अंतराला अगदीच अर्थ नाही, असे मात्र नव्हे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी ही जवळीक उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात येई. भूमी अधिक तापे, मोसमी पाऊसही अधिक पडे. ते चक्र फिरायला हजारो वर्षे लागतात. मोखाड्यात हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला मृगापर्यंतच थांबायचे असते, आणि तेही जड जाते.