कराडच्या कोर्टाचा रोजनामा

कराडच्या न्यायालयात आज एखाद्या वाटपाच्या दाव्यात काय झाले, हे मसूरला किंवा ओगलेवाडीला घरी बसलेल्या कुणालाही ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्यासाठी पक्षकार असावे लागत नाही, वकील असावे लागत नाही, पैसेही पडत नाहीत. हवा असतो फक्त सीएनआर क्रमांक. अक्षरे आणि अंक मिळून 16 : पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक न्यायालयाचे, सहा खटल्याचे आणि शेवटचे चार वर्षाचे. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत कोट्यवधी खटले आहेत, आणि त्यांतल्या कुठल्याही दोहोंचा हा क्रमांक सारखा नाही. तो माहीत नसला तरी पक्षकाराच्या किंवा वकिलाच्या नावावरून खटला सापडतो.

क्रमांक टाकला की तक्ता उघडतो. प्रत्येक सुनावणीची एक ओळ : त्या दिवशी खटला कशासाठी लागला होता, पुढची तारीख कोणती, ती कशासाठी. तारखेवर बोट ठेवले की त्या दिवशीचे कामकाज दिसते. आणि एका रकान्यात न्यायाधीश. मला सगळ्यात जास्त थक्क करतो तो हा रकाना. तिथे माणसाचे नाव नसते, पद असते : सहदिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. दहा वर्षे चाललेल्या दाव्यात त्या खुर्चीवर चार वेगवेगळी माणसे येऊन गेलेली असू शकतात. तक्ता वरून खाली वाचत गेलात तर त्यांच्या येण्याजाण्याची चाहूलही लागत नाही. कोर्टाच्या लेखी न्यायाधीश एकच असतो आणि तो कधी बदलत नाही.

पडद्यावरच्या या ओळींचे मूळ म्हणजे रोजनामा. दाव्याच्या फायलीतला हा कागद. कोण हजर, कोण गैरहजर, कुणी कसला अर्ज दिला, त्यावर काय हुकूम झाला, साक्ष कुठपर्यंत आली, पुढे काय, हे सगळे त्यात तारीखवार येते आणि खाली न्यायाधीशाची सही पडते. कोर्टात घडलेल्या गोष्टींच्या या नोंदीला कायद्यात केवढे वजन आहे, हे महाराष्ट्राच्याच एका गाजलेल्या प्रकरणात स्पष्ट झाले. माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्यावरील खटल्याला परवानगी कोणी द्यायची या वादात, उच्च न्यायालयासमोर सरकारी वकिलांनी एक गोष्ट कबूल केल्याचे निकालपत्रात नमूद होते. पुढे सर्वोच्च न्यायालयात त्यावरच वाद उभा राहिला. 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कोर्टात काय झाले याबद्दल न्यायाधीशाने लिहून ठेवलेले अंतिम. वरच्या कोर्टात शपथपत्र घालून ते खोडता येणार नाही. चूक झाली असे वाटत असेल तर त्याच न्यायाधीशाकडे, गोष्ट ताजी असतानाच जायचे. म्हणून मुरलेला वकील संध्याकाळी रोजनामा वाचल्याशिवाय घरी जात नाही.

आता समजा, कराड तालुक्यातल्या एका बागायती गटावर बहिणीने भावांविरुद्ध वाटपाचा दावा लावला आहे. दाव्याचा कागद म्हणजे निशाणी 1. तूर्तातूर्त मनाई हुकूम द्या, भावांना जमीन विकू देऊ नका, हा अर्ज रिवाजाने निशाणी 5. हे इतके रुळले आहे की महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या बार रूममध्ये ‘पाचवर ऑर्डर झाली’ म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे कळते. मग भावांची कैफियत. मग न्यायाधीश दोन्ही बाजू वाचून मुद्दे काढतात : मिळकत एकत्र कुटुंबाची आहे का, पूर्वी वाटप झाले होते का, वादीचा हिस्सा किती. पुढची सगळी लढाई या चार-सहा ओळींभोवती होते, आणि तरीही मुद्दे काढायच्या दिवशी कोर्टात बघायला कुणी नसते. माझ्या मते दाव्याचा खरा नकाशा त्या दिवशी आखला जातो, आणि खटल्याचा माग काढणाऱ्याने ही तारीख चुकवू नये.

त्यानंतर पुरावा. सिनेमात दिसतो तसा सरतपास आता दिवाणी कोर्टात फारसा दिसत नाही. 2002 पासून तो शपथपत्रावर येतो. समोर घडतो तो उलटतपास. 1998 पासून महाराष्ट्रातल्या तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. त्यामुळे साक्षीदार मराठीत बोलतो आणि त्याचे बोलणे मराठीतच टंकले जाते. ‘हे म्हणणे खरे नाही की’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये एकामागून एक उतरत जातात. वकिलाचा प्रश्न त्यात वेगळा दिसत नाही. प्रश्न आणि उत्तर मिळून साक्षीदाराचे एक वाक्य होते. ऐकायला विचित्र, पण वीस वर्षांनी वाचणाऱ्याला नेमके कळते की वकिलाने काय सुचवले आणि साक्षीदाराने काय नाकारले.

आणि हे वीस वर्षांनी वाचणे खरोखर घडते. न्यायाधीशांच्या बदल्या ठरावीक काळाने होतात, बहुधा उन्हाळी सुट्टीच्या सुमारास. बहिणीची साक्ष एकाने नोंदवली, भावाची दुसऱ्याने, युक्तिवाद ऐकले तिसऱ्याने. दिवाणी आणि फौजदारी दोन्ही संहिता याला परवानगी देतात : आधीच्या न्यायाधीशाने घेतलेला पुरावा पुढच्याने जसाच्या तसा वापरावा आणि कामकाज थांबले तिथून पुढे न्यावे. अपवाद आहे तो संक्षिप्त चौकशीच्या खटल्यांचा. त्यांत साक्षीचा फक्त सारांश लिहिलेला असतो, म्हणून न्यायाधीश बदलला की नव्याने सुरुवात. उरलेल्या हजारो खटल्यांत निकाल देणाऱ्याने साक्षीदाराचा चेहरा कधी पाहिलेलाच नसतो. कायदा करणाऱ्यांना हे माहीत होते. म्हणून दोन्ही संहितांमध्ये तरतूद आहे की साक्षीदार बोलताना कसा वागला, याबद्दल न्यायाधीशाला महत्त्वाचे वाटेल ते त्याने तिथेच लिहून ठेवावे. प्रश्न आल्यावर बराच वेळ गप्प राहिला, वकिलाकडे पाहून उत्तर दिले. अशी एखादी ओळ, लिहिणारा कधीचाच बदलून गेल्यावर, अनोळखी न्यायाधीशासमोर साक्षीदाराला पुन्हा उभे करते.

दावा चालू असताना माणसेच काय, कायदाही बदलतो. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलग्यांइतका हक्क देणारी केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून आली. महाराष्ट्राने त्याआधी 1994 मध्येच आपली दुरुस्ती केली होती. मग 11 ऑगस्ट 2020 रोजी, विनीता शर्मा प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, आणि प्राथमिक हुकूमनामा झाला असला तरी अंतिम हुकूमनाम्यापूर्वी हिस्से बदलता येतात. एका निकालाने देशभरातल्या चालू वाटपाच्या दाव्यांत बहिणींचे आकडे बदलले. आणि हुकूमनाम्यानंतरही प्रत्यक्ष जमीन कोर्ट वाटत नाही. साऱ्याच्या जमिनीचे वाटप जिल्हाधिकाऱ्याकडे जाते. तहसील, भूमी अभिलेख, मोजणी, मग सातबारा.

हे सगळे परक्या माणसाने पाहावे का? पाहावे, आणि तो त्याचा हक्क आहे. या हक्काच्या इतिहासात आपल्याच भागातली माणसे भेटतात, याचे मला फार अप्रूप आहे. 1964 साली मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकांविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. एका साक्षीदाराने विनंती केली की आपली साक्ष वर्तमानपत्रांत छापून येऊ नये, धंद्याचे नुकसान होते. न्यायमूर्तींनी ती तोंडी मान्य केली. हे न्यायमूर्ती सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे, जे पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे अध्वर्यू म्हणून देशाला माहीत झाले. बातमीदार नरेश श्रीधर मिरजकर आणि त्यांचे सहकारी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्तींचे पीठ बसले. बहुमताचा निकाल मार्च 1966 मध्ये सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी लिहिला. गजेंद्रगडकरांचा जन्म साताऱ्याचा, 1901 सालचा. त्यांनी नियम ठामपणे मांडला : खटले उघड कोर्टात चालले पाहिजेत, लोकांच्या नजरेनेच न्यायावर वचक राहतो. पण न्यायासाठीच गरज पडली तर विरळा प्रसंगी दार लावून घेण्याचा अंगभूत अधिकार उच्च न्यायालयाला आहे, असे म्हणून त्यांनी बातमीदारांच्या याचिका फेटाळल्या. एकट्या न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्न मत दिले. मला त्यांचे मत अधिक पटते. साक्ष उघड कोर्टात व्हावी आणि ती छापू मात्र नये, ही अर्धी उघडीक झाली.

त्या नऊ जणांत आर. एस. बच्छावत होते. तीन वर्षांनी, 1969 मध्ये, कृष्णा पाणीवाटप लवाद नेमला गेला तो त्यांच्याच अध्यक्षतेखाली. कराडच्या प्रीतिसंगमावरून जे पाणी पुढे जाते, त्या कृष्णेचे 2060 टीएमसी त्या लवादाने तीन राज्यांत वाटले. महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700, आंध्र प्रदेशाला 800. आपल्या दाव्यातली बहीण गुंठ्यांत हिस्सा मागते आणि राज्ये टीएमसीत, पण कैफियत, मुद्दे, पुरावा, निवाडा हा क्रम तिथेही तोच.

कोर्ट पाहणाऱ्यांची ही परंपरा इंग्रजांबरोबर आली असे समजण्याचे कारण नाही. मराठेशाहीत वतनाचे तंटे गोतसभेपुढे, मजालसीपुढे चालत, आणि निवाड्याच्या महजरात हजर असलेल्यांची नावे लिहिली जात : देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार. सही न येणारा आपल्या व्यवसायाची खूण काढी, पाटील नांगराची, न्हावी आरशाची. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलेला ग्रंथ 1953 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. त्यात या पद्धतीचा तपशील सापडतो. निवाडा पाहणारी माणसे तिथे नुसती प्रेक्षक नव्हती. उद्या वाद उकरला गेला तर सांगायला तीच उभी राहायची, म्हणून त्यांची नावे कागदावर हवीत.

आजच्या कोर्टात प्रेक्षकाचे नाव कुठे लिहिले जात नाही, पण दार त्याच्यासाठी उघडे आहे, संहितांनी तसे लिहूनच ठेवले आहे. बलात्काराचे आणि बालकांवरील लैंगिक अत्याचारांचे खटले बंद दाराआड चालतात, आणि ते तसेच हवे. बाकी ठिकाणी मागच्या बाकावर बसायला परवानगीचा कागद लागत नाही. फोन बंद ठेवायचा, न्यायाधीश डायसवर आले की उठायचे. दिवसाचा बोर्ड आदल्या दिवशीच संकेतस्थळावर पाहून जावा. सकाळी पुकारे सुरू होतात तेव्हा नव्या माणसाला काहीच कळत नाही, पाच मिनिटांत दहा खटल्यांना तारखा पडतात. दिवाणी संहितेत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी नको असे लिहिले आहे. रोजनामे वाचले की प्रत्यक्षात काय होते ते दिसते. चिकाटीने बसावे. पुरावा बहुधा या गर्दीनंतर सुरू होतो. आणि एकच न्यायाधीश त्याच डायसवरून आत्ता दिवाणी न्यायाधीश म्हणून बांधाचा वाद ऐकतो आणि थोड्या वेळाने प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून मारामारीचा खटला, ज्यात तो तीन वर्षांपर्यंत कैद देऊ शकतो. खुनाचा खटला मात्र त्याच्यापुढे चालत नाही. तो सत्र न्यायालयाकडे वर्ग होतो. आणि सत्र न्यायाधीशाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय तिची अंमलबजावणी होत नाही.

हे उच्च न्यायालय कराडकरांसाठी नुकतेच जवळ आले आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले. आदल्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. या जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी चार दशकांहून अधिक काळ लढा दिला. ज्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 51 (3) खाली 1981 साली औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले, त्याच कलमाचा आधार इथेही घेतला गेला.

वाटपाचा दावा दुसऱ्या अपिलात तिथे पोचला की त्याला नवा क्रमांक मिळतो आणि प्रश्न अगदी अरुंद होतो. जमीन कुणाची, साक्षीदार खरे बोलला का, हे सहसा पुन्हा तपासले जात नाही. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील दाखल करून घेतात. गरज पडली तर खालच्या कोर्टाचे मूळ रेकॉर्ड मागवले जाते. निशाणी 1 पासून शेवटच्या रोजनाम्यापर्यंतचा तो गठ्ठा पूर्वी मुंबईला जायचा, आता महामार्गाने सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर जातो. वकिलाबरोबर पक्षकारालाही सकाळच्या एसटीने निघून स्वतःच्या अपिलाची सुनावणी ऐकता येते आणि त्याच दिवशी घरी परतता येते.